तेलाला जो न्याय, तोच ज्वारीला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवर मुलांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्ट रचत खेळायचा खेळ मांडला होता. गोष्ट नेली होती आपल्या धारूरच्या किल्ल्यात. पहारेकरी जिना चढून येताहेत. भाची म्हणाली, “मी कंदिलातलं तेल पायऱ्यांवर ओतते.” खेळ चालवणारा, म्हणजे मुलांचा डीएम, एकदम खूश! फासासुद्धा टाकायला न लावता त्यानं चार पहारेकरी घसरवले. घटकाभरानं एका अबोल पोरानं दुसऱ्या जिन्यावर पोतंभर ज्वारी उधळली. डीएम म्हणाला, “असलं काही पुस्तकात नाही.” पोरगं गप्प झालं. रात्री जेवायला बसेपर्यंत बोललं नाही.

मला आज एवढंच सांगायचंय: तेलाला जो न्याय, तोच ज्वारीला.

आयत्या वेळी सुचलेलं बोलणं आपल्याला नवं नाही. तमाशातल्या वगाची कथा ठरलेली असायची, संवाद बरेचसे उभ्या उभ्या सुचायचे. ‘गाढवाचं लग्न’मधले दादू इंदुरीकर आठवा. सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधले दादा कोंडके आठवा. पण वगातला सोंगाड्या कितीही लांब गेला, तरी समोरच्याला उत्तराची जागा ठेवायचा आणि कथा पुन्हा रस्त्यावर यायची.

डीएमचं काम गाडीवानासारखंच. आपल्याकडे ऊसतोडीच्या बैलगाड्या कुणी पाहिल्या नाहीत? कासरा ओढून धरला की बैल जागीच थांबतो. पार सोडून दिला की शेजाऱ्याच्या कपाशीत शिरतो. हे सगळ्यांना कळतं. पण गाडीला बैल दोन असतात, हे डीएम विसरतो. एकाला ढील आणि दुसऱ्याला हिसका दिला, तर जू तिरकं होतं, एकाच्याच मानेवर भार येतो आणि भरली गाडी चढावर अडते. चलाख बोलणाऱ्या मुलाला ढील देणं सोपं असतं हो. न बोलणाऱ्याच्या मानेकडे कोण बघतं?

पुस्तकातला नियम की खेळ चालवणाऱ्याचा निवाडा, हा प्रश्न जुनाच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झनं युद्धाचा खेळ आणला, नियमांच्या तक्त्यांसकट. १८७६ मध्ये वेर्दी यांनी तक्ते बाजूला सारले आणि निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा आपला खेळ छापला. पंचावर खेळ सोपवायचा तर त्याच्या अंगी अनुभव हवा. आमचा डीएम नववीतला. म्हणून त्यानं कारण मोठ्यानं सांगावं, आणि फासा पडायच्या आधी सांगावं: “पायरी निसरडी झाली, बारा किंवा वर पडलं तर पहारेकरी घसरतील.” आधी, बाळांनो. फासा पडल्यावर आकडा ठरवला की तो निवाडा राहत नाही, मर्जी होते.

आणि तेलाला फासा टाकायला लावला नसेल, तर ज्वारीलाही लावू नका. पुन्हा सांगते, कारण खेळाच्या भरात नेमकं हेच निसटतं.

दिलेला निवाडा चुकला असं मागाहून कळलं तर खेळ मागे न्यायचा का, यावरही बोलायचं होतं. माझं मत... पण वेळ संपल्याचा स्टुडिओतला लाल दिवा लागलाय. त्या पोराची ज्वारी अजून जिन्यावर पडून आहे. या दिवाळीत पहिला डाव तिथूनच सुरू करायचा, असं मी डीएमकडून कबूल करून घेतलंय.