मी शिकलेल्या संगणकाच्या भाषा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पण गेल्या दहा-बारा वर्षांत संसार सांभाळून मी संगणकाच्या तीन भाषा थोड्याफार शिकले. त्यांविषयी बोलते.

नव्या सुनेला पुरण शिकवताना आपण म्हणतो, "गूळ अंदाजाने घाल." संगणकाला असा अंदाज नसतो. त्याला ठराविक शब्दांत आणि नेमक्या क्रमाने सांगावे लागते. ते शब्द आणि त्यांचे नियम मिळून त्याची भाषा होते.

माझी पहिली ओळख एक्सेलच्या तक्त्याशी झाली. भिशीचा हिशोब माझ्याकडे आला, तेव्हा मुलीने शिकवले. चौकटीत आधी बरोबरचे चिन्ह द्यायचे, मग 'सम' लिहिले की बेरीज होते. पुढे 'इफ' शिकले. इफ म्हणजे जर. जर पैसे दहा तारखेनंतर आले, तर दंड पाच रुपये, नाहीतर शून्य. जाणती माणसे याला पुरती भाषा मानोत वा न मानोत, माझी बाराखडी तिथे झाली.

दुसरी भाषा स्क्रॅच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ती मुलांसाठी तयार झाली आणि 2007 साली सर्वांसाठी खुली झाली. हिच्यात लिहायचे फारसे नसते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. धाकट्याच्या शेजारी बसून मी हिच्यात रांगोळी काढली. पन्नास पावले चाल, साठ अंश वळ, असे सहा वेळा केले की षट्कोन होतो. तो षट्कोन काढून तीस अंश वळायचे, असे बारा वेळा केले की सुरेख फूल उमटते. पुन्हा पुन्हा करायचे काम एकदाच कसे सांगावे, हे मला त्या फुलाने शिकवले.

तिसरी पायथन. हॉलंडच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती 1991 साली लोकांपुढे आणली. नाव सापावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ठेवले आहे. हिच्यात मात्र लिहावे लागते, म्हणून मी बिचकत होते. पण तिचे राखीव शब्द अवघे 35. एवढ्या वस्तू तर आपल्या किराणा यादीत असतात! त्यांतला 'इफ' माझ्या जुन्या ओळखीचाच निघाला.

याचा उपयोग काय, असे मला विचारतात. आपल्यातल्या एका भगिनीला दहा हजारांचे कर्ज हवे होते. दहा महिन्यांची फेड, व्याज दरमहा दोन टक्के, एवढेच तिला सांगितले गेले. मी पायथनमध्ये सात-आठ ओळी लिहून दोन्ही प्रकारे आकडे काढले. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरले तर एकूण 1100 रुपये होते. शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर धरले तर 2000. दर तोच, फरक नऊशे रुपयांचा! मग ती नेमका प्रश्न विचारून आली आणि नंतरच तिने सही केली. हा हिशोब कागदावरही होतो. पण एकदा लिहून ठेवले की रक्कम बदलून दुसरीलाही क्षणात उत्तर देता येते.

इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या भगिनींना मी ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंची हकीकत सांगते. साध्या इंग्रजी शब्दांत संगणकाला काम सांगता यावे, असा आग्रह त्यांनी 1950 नंतरच्या काळात धरला. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे त्यांना ऐकावे लागले. तेव्हा त्यांनी तेच काम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवले. वरिष्ठ उलट घाबरले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. 1959 साली कोबॉल भाषेची आखणी सुरू झाली, तिला हॉपरबाईंच्या कामाचा मोठा आधार होता. यंत्राला इंग्रजी काय नि मराठी काय, शब्द म्हणजे नुसती खूण. तेव्हा 35 खुणांसाठी आपण का अडावे?

भगिनींनो, संगणक घरात आला की तो मुलांचा, अशी वाटणी करू नका. दुपारी वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे या. पहिले चार दिवस संगणक लागतच नाही. काम पायरीपायरीने लिहायला शिकले की पुरे. आणि ते तर आपण रोज स्वयंपाकघरात करतोच.