शब्द बदलले म्हणून लेखन आपले होत नाही



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्यावर बोलावे, बंद पडणाऱ्या शाळांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. ते विषय महत्त्वाचे आहेत आणि उद्याच्या परिसंवादांत त्यांवर बोलणारे जाणकार आहेत. मी आज आपल्याच घरात चाललेल्या चोरीबद्दल बोलणार आहे. दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा, शब्द बदलायचे, वाक्ये मागेपुढे करायची, खाली आपले नाव घालायचे, आणि कोणी हटकले की म्हणायचे, "मी उतरवले कुठे? माझ्या शब्दांत लिहिले आहे." हा बचाव मी प्राध्यापकांच्या तोंडून ऐकला आहे, दिवाळी अंकांच्या लेखकांच्या तोंडून ऐकला आहे, पुरस्कार घेतलेल्या पुस्तकांच्या बाजूने ऐकला आहे. माझे म्हणणे सरळ आहे. मूळ लेखकाचे नाव लपवून केलेले पुनर्लेखन ही चोरीच आहे, आणि जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा ती अधिक वाईट आहे. उतरवणारा कधी आळसाने, कधी अज्ञानाने उतरवतो. शब्द बदलणारा समजून उमजून पुरावा पुसत असतो.

मोघम बोललो तर प्रत्येकाला वाटेल, हे शेजाऱ्याबद्दल चालले आहे. म्हणून एक उदाहरण रचून दाखवतो. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाने आपल्या गावच्या बारवेवर लेख लिहिला. तो लिहितो, "बारवेला ४२ पायऱ्या आहेत. तिसऱ्या टप्प्यावर पूर्वेच्या भिंतीतल्या कोनाड्यात शेषशायी विष्णू आहे, त्याचे नाक फुटले आहे. १९७२ च्या दुष्काळात तीन गावे इथून पाणी नेत होती, असे गावातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात." काही वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अभ्यासकाचे जाड पुस्तक येते. त्यात असते, "सदर बारव ४२ सोपानांची असून तिच्या तृतीय स्तरावरील पूर्वाभिमुख देवकोष्ठात अनंतशयन विष्णूची भग्ननासिक प्रतिमा दृष्टीस पडते. १९७२ च्या अवर्षणात तीन ग्रामांची तृषा या बारवेने शमविल्याचे वृद्ध स्त्रियांच्या कथनातून समजते."

साम्य शोधणारे सॉफ्टवेअर लावा, हाताला फारसे काही लागणार नाही. आता डोळे लावा. पूर्वेच्या भिंतीतला कोनाडा विहिरीकडे तोंड करून असतो, म्हणजे तो पश्चिमाभिमुख. तिथे जो उभा राहिला आहे तो "पूर्वाभिमुख" लिहूच शकत नाही. पायऱ्यांचे बघा. शिक्षकाने मोजल्या तेव्हा खालच्या पायऱ्या गाळात होत्या. पुढे गावाने गाळ काढला, पायऱ्या ४९ निघाल्या. पुस्तक त्यानंतर छापले गेले, तरी त्यात ४२ च आहेत. आणि त्या वृद्ध स्त्रिया! त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला तो शिक्षक. त्यांच्या नातवंडांना तो शिकवत होता म्हणून त्या त्याच्याशी बोलल्या. पुस्तकवाल्याने त्यांच्याशी एक शब्द न बोलता त्यांचे "कथन" आपल्या पानावर आणले. काय पाहायचे, कोणाला विचारायचे, शंभर गोष्टींतल्या कोणत्या तीन लिहायच्या, हे सगळे शिक्षकाचे आहे. पुस्तकवाल्याचे काय आहे? सोपान, स्तर आणि तृषा.

चूक जशीच्या तशी वाहून येते, हा पुरावा हस्तलिखितांच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिथल्या विद्वानांनी शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक सापडली, तर त्यांचे मूळ एक असल्याचा संशय घ्यायचा, ही त्या शास्त्रातली साधी कसोटी. आमच्या परीक्षक समित्यांनी एवढी कसोटी लावली तरी कितीतरी पुरस्कार परत मागवावे लागतील.

मला सांगितले जाते की ही चोरीची कल्पना पाश्चात्त्यांची, आपल्याकडे सगळे सगळ्यांचे होते. हे अज्ञान आहे. दहाव्या शतकाच्या तोंडाशी 'काव्यमीमांसा' लिहिणारा राजशेखर आपल्या पूर्वजाचा, अकालजलदाचा, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून अभिमानाने उल्लेख करतो. या राजशेखराने हरण, म्हणजे दुसऱ्याचे उचलणे, या विषयावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली. शब्दांचे हरण वेगळे मांडले, अर्थाचे वेगळे. अर्थहरणाच्या पहिल्या प्रकाराला त्याने 'प्रतिबिंबकल्प' म्हटले. त्याचे लक्षण काय? अर्थ सगळा तोच, फक्त वाक्याची रचना दुसरी. बारवेच्या लेखाचे जे झाले ते हेच. असे करणाऱ्याचे कवित्वच नाहीसे होते, म्हणून हा प्रकार पूर्णपणे टाळावा, असा त्याचा निर्णय आहे. त्याच्याही आधी काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने हीच वाट आखली होती. दोन माणसे दिसायला सारखी असली तर त्यात दोष नाही, पण प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो, हे त्याचे म्हणणे.

चोर नसलेला कवी नाही, असेही राजशेखर म्हणतो, आणि पुनर्लेखनाचे वकील तेवढेच वाक्य आमच्या अंगावर टाकतात. तो व्यवहार जाणणारा माणूस होता, जे दिसले ते त्याने लिहिले. पण बाकीच्या चोऱ्या काळाबरोबर विरतात, वाणीची चोरी मुला-नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, हेही त्याच्याच ग्रंथात आहे. अर्धे पान वाचून कोणाला साक्षीला बोलावू नये.

संतांचे नाव तर याहून निष्काळजीपणे घेतले जाते. तुकोबांच्या गाथेत सालोमालो नावाच्या कवीवरचा संताप आहे, तो घरी जाऊन वाचा. कोणी अभंग अक्षरशः उतरवले एवढीच ती तक्रार नाही. दुसऱ्याचे ते आपले म्हणतात, संतांची वचने मोडतोड करून स्वतःला मिरवतात, हे तुकोबांना सहन झाले नाही. मोडतोड! म्हणजे पुनर्लेखनच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, अशी सक्त ताकीद दिली. नाथांच्या योग्यतेच्या कवीला ज्ञानदेवांच्या ओवीशी मिळतीजुळती ओवी रचणे अवघड नव्हते. त्यांनी हात आवरला. स्वतःचे अभंग लिहिले तेव्हा तर नाममुद्रेतही गुरूला सोबत घेतले, 'एका जनार्दनी'. ज्ञानदेव गीतेवर बोलले ते व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण सांगून. या परंपरेत दुसऱ्यावरून लिहिणे भरपूर आहे, लपवणे नाही.

म्हणून दुसऱ्याच्या लेखनावरून लिहूच नये, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर अर्धी मराठी रंगभूमी पुसावी लागेल. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' आणले. त्यातली मंजुळा कोणत्याही इंग्रजी पानावर सापडणार नाही. तिच्या बोलीचा ठसका, मुंबईतले तिचे जगणे पु. लं.नी घडवले, आणि तरीही हे शॉच्या नाटकावरून आहे हे प्रेक्षकांपासून झाकून ठेवले नाही. शॉने तरी ग्रीक आख्यायिकेतल्या शिल्पकाराचे नाव थेट शीर्षकातच ठेवले होते. ऋण सांगितल्याने यांपैकी कोण लहान झाले? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्यातल्या नोंदीखालीही लेखकाचे नाव असते, संदर्भ असतात. या भाषेत प्रामाणिकपणाची रीत होती आणि आहे. ती पाळायची नाही, एवढेच काहींनी ठरवले आहे.

आता विद्यापीठांकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियमावली काढली. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून दाखवणे, अशी व्याख्या तिच्यात आहे. काम किंवा कल्पना! पण शिक्षेचे कोष्टक साम्याच्या टक्क्यांवर बेतले आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य निघाले तर दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर एक वर्ष थांबायचे, ६० च्या वर गेले तर नोंदणी रद्द. झाले काय, तर व्याख्या कोणी वाचली नाही, कोष्टक सगळ्यांनी पाठ केले. आता मार्गदर्शक विचारतात, "किती टक्के आले?" विद्यार्थी सांगतो, "सर, अठ्ठावीस." "मग रीराइट करून दहाच्या आत आण." टक्का खाली आणून देणारी दुकाने आहेत, त्यांचे दर ठरलेले आहेत. आता तर यंत्राला मजकूर दिला की क्षणात शब्द बदलून मिळतात. चोरी पकडायला जो आकडा ठेवला, तोच चोरीचा परवाना होऊन बसला आहे. माझ्यासमोर बसलेल्या मार्गदर्शकांना मी स्पष्ट विचारतो. विद्यार्थ्याला "टक्का कमी कर" म्हणता तेव्हा तुम्ही त्याला संशोधन शिकवता की लपवाछपवी?

याची सुरुवात आपण फार लवकर करतो. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत "तुमच्या शब्दांत लिहा" असते. सारांशलेखनाला गुण असतात. हे कोणाचे म्हणणे आहे ते आधी सांगा, असे शिकवणारा धडा मात्र नसतो. मुलाची समजूत होते की शब्द आपले झाले की गोष्ट आपली झाली. पुढे तेच मूल प्रबंध लिहिते.

कायद्याचा आधार घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण जास्त वेळ द्यावा असा हा मुद्दा नाही. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात म्हटले, हे खरे आहे. पण इकडेतिकडे थोडा फरक केलेली नक्कल ही स्वामित्वहक्काचा भंगच ठरते, हेही त्याच निकालात आहे. आणि स्वामित्वहक्क हा पैशाचा आणि परवानगीचा विषय आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये वारले. त्यांची कादंबरी आज कोणीही छापावी. पण तीतली भाषा नवी करून, पात्रांची नावे बदलून, वर आपले नाव घालायची मुभा कोणत्या कायद्याने कोणाला दिली आहे?

सगळ्यात जास्त लूट भाषांतरातून होते, आणि तिच्याकडे आपण पाहतसुद्धा नाही. इंग्रजी पुस्तक समोर ठेवायचे, प्रकरणांचा क्रम तोच, दाखले तेच, मध्ये एखादा शिवकालीन प्रसंग पेरायचा आणि 'लेखक' म्हणून मिरवायचे. असा मजकूर सॉफ्टवेअरच्या हाती सहसा लागत नाही, कारण भाषाच बदललेली असते. मराठी वाचक ते पुस्तक स्वतंत्र समजून टाळ्या वाजवतो. अनुवाद करणारा प्रामाणिक माणूस मात्र मानधनासाठी प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवतो आणि मुखपृष्ठावर नाव येईल का म्हणून विचारत राहतो. अनुवादकाला नाव नाही आणि चोराला शाल-श्रीफळ, हे आपल्या साहित्यव्यवहाराचे आजचे चित्र आहे.

ज्यांचे चोरले जाते ते कोण आहेत, हेही बघा. नामवंताच्या ओळीला सहसा कोणी हात लावत नाही, कारण तिथे पकडले जाण्याची भीती असते. चोरले जाते ते तालुक्याच्या वार्ताहराचे, ज्याची बातमी शहरातला डेस्क नव्याने लिहितो. एम. ए.च्या मुलीचे, जिचा लघुप्रबंध दोन वर्षांनी तिच्याच मार्गदर्शकाचा लेख म्हणून छापून येतो. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांचे, ज्यांच्या ओव्या 'लोकसाहित्य' म्हणून कोणाच्याही संग्रहात शिरतात. ओवी कोणाचीच नसते, असे म्हणणाऱ्यांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचे काम पाहावे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव नोंदवले. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तिचे नाव तिच्या ओवीपुढे आहे. हे ज्यांना जमले, त्यांच्यापेक्षा ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्याला ते अवघड आहे काय?

संपादकांनाही जबाबदारी चुकवता येणार नाही. "आम्ही विश्वासाने छापतो" हे उत्तर आता पुरे झाले. लेख हाती आला की लेखकाला विचारा, हे तुम्ही कुठे वाचले, कोणाकडून ऐकले, स्वतः काय पाहिले. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा लेख परत करा. अंक चार पानांनी कमी निघाला तर वाचकाचे काही बिघडत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. या संमेलनाची स्मरणिका आणि यापुढची आपली सर्व प्रकाशने यांत दुसऱ्याच्या लेखनावर आधारलेला मजकूर मूळ लेखकाच्या आणि पुस्तकाच्या नावाशिवाय छापू नये. भाषांतर असेल तर तसे मुखपृष्ठावर लिहावे आणि अनुवादकाचे नावही तिथेच असावे. पुरस्काराच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार आली तर परीक्षकांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, यंत्रावर न सोपवता, स्वतः वाचावीत आणि निर्णय कारणांसह जाहीर करावा. चोरी सिद्ध झाली तर पुरस्कार परत घ्यावा आणि ज्याचे लेखन चोरले त्याचे नाव याच व्यासपीठावरून वाचून दाखवावे. काही मित्रांनी मला हा ठराव मागे घ्यायला सुचवले आहे. मी तो मागे घेणार नाही. अनुमोदन कोण देते हे उद्या सगळ्यांना दिसेल. माझी विनंती आहे, पहिल्यांदा तरुण लेखकांनी उभे राहावे.