भिंतीतील तीन तारा



गावात वीज आली की खांब, रोहित्र आणि दिवे सर्वांच्या नजरेत भरतात. भिंतीतील प्लगच्या पॉइंटमागे काय आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बोर्डाचे झाकण एकदा बसले की काही बिघाड होईपर्यंत ते उघडले जात नाही. वास्तविक घरातील गृहिणीची, शाळेतील मुलांची आणि ग्रामपंचायत कार्यालयात येणाऱ्या नागरिकांची सुरक्षितता त्या झाकणामागेच ठरत असते.

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. प्लगच्या पॉइंटला तीन तारांची गरज असते. फेजची तार वीज आणते आणि न्यूट्रलची तार तिला परतीचा मार्ग देते. तिसरी तार अर्थची. एरवी तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून ती अनावश्यक वाटते. तथापि उपकरणाच्या आत फेजची तार सुटून धातूच्या अंगाला लागली, तर ती वीज माणसाच्या शरीरावाटे जाऊ न देता जमिनीकडे नेणे आणि त्या मोठ्या प्रवाहाने फ्यूज उडवणे, हे तिचे काम होय. प्लगची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, ती याच हेतूने. प्लग बसवताना ती सर्वांआधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते.

प्रत्यक्षात बोर्ड उघडला असता तीनऐवजी सहा किंवा नऊ तारा दिसतात, कारण एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटला तारा पुढे नेलेल्या असतात. ही पद्धत गैर नाही. गैर असते ते जोडकाम. एकाच स्क्रूखाली तीन तारा कोंबल्या की एखादी सैल राहते. सैल जोडाशी विरोध वाढतो, जोड तापतो, तारेवरील आवरण वितळते आणि कालांतराने आगीचा धोका निर्माण होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. यास्तव येणारी व पुढे जाणारी तार योग्य कनेक्टरमध्ये पक्की जोडून तेथून एकच आखूड तार सॉकेटच्या स्क्रूला द्यावी. पुढे कधी सॉकेट बदलावे लागले, तरी पुढच्या खोल्यांचा अर्थ त्यामुळे तुटत नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे, अर्थची तार आलेलीच नाही म्हणून सॉकेटमधील अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकणे. उपकरण चालते, त्यामुळे काम झाले असे वाटते. परंतु मागे कोठे तरी न्यूट्रलचा जोड तुटला, तर उपकरण बंद पडते आणि त्याच क्षणी त्याच्या धातूच्या अंगावर फेजचा दाब येऊ शकतो. वीज गेली असे समजून त्याला हात लावणारा माणूस प्राणास मुकू शकतो. जेथे अर्थ नाही तेथे तो नव्याने आणणे, हाच एक मार्ग आहे.

तारांच्या रंगांबाबतही दक्षता हवी. भिंतीतील जोडणीत फेजला लाल, पिवळी वा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थला हिरवी तार वापरली जाते. उपकरणाच्या दोरीत मात्र तपकिरी तार फेजची आणि फिकट निळी न्यूट्रलची असते. निळ्याला निळी जोडण्याची चूक येथेच होते. शिवाय टेस्टरचा दिवा केवळ फेज दाखवतो. अर्थ शाबूत आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी अर्थचा विरोध उपकरणाने मोजावा लागतो.

फ्यूज वा एम.सी.बी. मुख्यतः तारेचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवणे हितावह ठरते. गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहात तेवढा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडते. तथापि ते अर्थच्या तारेला पर्याय नव्हे, तिची जोड होय.

वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असा दंडक विद्युत सुरक्षिततेच्या नियमांत आहे. त्या नियमांची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये अमलात आली. पंचायत सदस्यांनी शाळा, अंगणवाडी व कार्यालय यांच्या अंदाजपत्रकात अर्थच्या तारेचा आणि अर्थच्या चाचणीचा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे. काम संपल्यावर बोर्डावर झाकण चढण्यापूर्वी जोड तपासून घ्यावेत. शिक्षकांनी तापलेला, काळवंडलेला वा कुरकुरणारा पॉइंट वापरातून काढून वायरमनला कळवावे. रंगरंगोटीचा खर्च डोळ्यांना दिसतो, हिरव्या तारेचा दिसत नाही. परंतु पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या तोटीला ओल्या हाताने शिवणाऱ्या मुलाच्या जिवाची हमी त्या न दिसणाऱ्या तारेतच आहे.