बागेची वीट आणि भट्टीवरचा माणूस
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावकार उभा राहतो, जमीनदार उभा राहतो, फार तर ऊसतोडीचा मुकादम. बागा तयार करून देणारा एखादा छोटा व्यावसायिक, ज्याच्या पदरी चार माळी आणि एक टेंपो आहे आणि जो गृहनिर्माण संस्थांच्या आवारात हिरवळ लावून पोट भरतो, त्याचा या प्रश्नाशी संबंध काय? आपल्या सहानुभूतीदारांत असे धंदे करणारे पुष्कळ आहेत. ते हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात. त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

या व्यावसायिकाच्या टेंपोत काय काय असते ते पाहा. उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांतून आणलेली रोपे, लाल माती, शेणखत, कुंड्या, वाफ्यांच्या कडेला लावायच्या विटा आणि पायवाटेची फरशी. त्याचे स्वतःचे माळी संध्याकाळी घरी जातात, पटले नाही तर काम सोडतात. त्यांची मजुरी कमी असेल, तो भांडणाचा विषय आहे. पण ते बांधलेले नाहीत. बांधलेला माणूस बहुधा त्याच्या अंगणात नसतोच. तो दोन पायऱ्या मागे, वीटभट्टीवर असतो.

रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर पाडे सोडून भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याचा करार पावसाळ्यातच झालेला असतो. घरात दाणा नसताना, आजारपणात किंवा लग्नकार्यात उचल घेतली जाते आणि त्या रकमेपोटी पुढचा सगळा हंगाम विकला जातो. भट्टीवर माती कालवणे, गारा तुडवणे, विटा थापणे हे काम नवराबायको मिळून करतात, मुले हाताखाली राबतात. परंतु हजार विटांमागचा दर लागतो तो जोडीला आणि वहीत नाव असते ते पुरुषाचे. बाईची मजुरी म्हणून वेगळा आकडा नसतो. आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे तांदूळ-मिरचीपुरते पैसे, आणि तीही अंगावरच्या रकमेत चढवली जाते. अवकाळी पाऊस येऊन कच्च्या विटा विरघळल्या तर अनेक ठिकाणी तो तोटाही थापणाऱ्याच्या माथी मारला जातो. वैशाखाअखेर हिशेब होतो. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा, आणि बाकी निघते ती बहुधा मजुराच्या अंगावर. ती फेडायला पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी.

यालाच वेठबिगार म्हणतात. साखळदंड लागत नाही, वही पुरते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे ही लग्नगडीची पद्धत याच पट्ट्यातील. तिच्याविरुद्ध वारली १९४५ साली उठले, आणि त्या लढ्याचे श्रेय किसान सभेचे, गोदावरी व शामराव परुळेकरांचे आहे हे आपण समाजवाद्यांनी मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ आणि सक्तीची मजुरी निषिद्ध ठरवली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बांधलेल्या मजुराचे कर्जच रद्द केले. ते वसूल करणे हाच गुन्हा झाला. कर्ज वेठबिगारीचे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. आणीबाणीच्या काळात झालेला हा कायदा आहे. त्या राजवटीशी आपले हाडवैर होते, तरी हा कायदा चांगला आहे. पुढे दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की सक्ती केवळ लाठीची नसते, उपासमारीचीही असते. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी दराने काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय. फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात, १९८३ साली, त्याच न्यायालयाने म्हटले की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने दाखवावे.

एशियाडच्या निकालातील आणखी एक मुद्दा आपल्या बागवाल्या मित्रासाठी आहे. मजूर कंत्राटदाराचे आहेत, आमचे नाहीत, असे म्हणून सरकारी यंत्रणांना तेथे हात झटकता आले नाहीत. बागवाला काही भट्टीवरच्या मजुरांचा मालक नव्हे, कायद्याने ही जबाबदारी त्याच्यावर येत नाही, हे मी जाणतो. पण हजारी विटेचा भाव पाडताना तो जी घासाघीस करतो, ती अखेर कोणाच्या ताटातून निघते? भट्टीवाला कोळशात ती सोसत नाही, टेंपोभाड्यातही सोसत नाही. ज्याच्या वहीत अंगठा आहे त्याच्याकडूनच ती वसूल होते.

विलायतेत यावर २०१५ साली कायदा झाला. वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक असलेल्या कंपन्यांनी, आपल्या पुरवठादारांकडे गुलामी नसावी म्हणून काय केले याचे निवेदन दरवर्षी द्यायचे. गंमत अशी की आम्ही काहीच केले नाही, असे निवेदन दिले तरी त्या कलमाचे पालन होते! आणि छोटा बागवाला त्यातून सुटलाच. राजस्थानात बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा येथे खाणींच्या टाकाऊ दगडाचे चौकोनी तुकडे घडवतात; त्यांत लहान मुलेही राबताना आढळली आहेत, आणि खाणकामगारांच्या फुफ्फुसांत सिलिकोसिस आहे. त्या भागातील वालुकाश्म ब्रिटिश घरांच्या मागच्या अंगणात अंथरला जातो. कागदावरचे निवेदन तेथवर पोहोचायला फार लांब पडते. आपली भट्टी मात्र बागवाल्याच्या टेंपोच्या टप्प्यात आहे.

तेव्हा त्याने तेथे जावे. ऑफिसात बसून पुरवठादाराकडून हमीपत्र घेऊ नये, ते कोणीही लिहून देतो. विटा भरेपर्यंत तासभर लागतो, तेवढ्यात पुष्कळ कळते. मजुराजवळ त्याच्या हिशेबाची स्वतःची प्रत आहे का? बाईचे नाव हजेरीत आहे का? आधार कार्ड कोणाच्या कपाटात आहे? उद्या मुलीच्या आजारपणासाठी पाड्यावर जायचे म्हटले तर मालक जाऊ देतो का? हेच प्रश्न रोपवाटिकेत मुक्कामाला असलेल्या परप्रांतीय गड्यालाही लागू आहेत. उत्तरे वाईट आली तर लगेच दुसरी भट्टी गाठून हात धुऊन घेऊ नयेत, कारण त्याने मजूर सुटत नाही. दर आठवड्याला पुरी मजुरी हातात, नवराबायकोचे स्वतंत्र खाते आणि संघटनेच्या माणसाला भट्टीवर मोकळा प्रवेश, एवढे मान्य करणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावेत. ते पैसे गृहनिर्माण संस्थेच्या बिलात उघडपणे लावावेत. नकार मिळाला किंवा माणूस अडकवलेला दिसला, तर तहसीलदाराकडे आणि आपल्याकडे कळवावे.

उचलच बंद करा, असे काही उत्साही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. श्रावणात कातकरी त्या पैशावर जगतो. भट्टीवाल्याने हात आखडला तर तो दुसऱ्या, अधिक निर्दय दारात जाईल. उचल लेखी असावी, लहान असावी, तिच्यापायी कोणाला अडवता येऊ नये आणि कपात जाऊन किमान वेतनाखाली मजुरी जाऊ नये. खरी तोड पाड्यावर पावसाळ्यात काम आणि धान्य मिळण्यात आहे. या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो याच विचाराने.

आपले काम आता सांगतो. १९७६ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे. तीत अनुसूचित जातीजमातींचे तीन सभासद आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. आपल्या उपविभागात ती आहे का, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, तीत कोण बसते, हे लेखी अर्ज करून विचारा. जेथे समिती नाही तेथे नावे सुचवा, आणि ती नावे पाड्यावरची असू द्या. ज्यांची सुटका होईल त्यांच्या हाती मुक्तीचा दाखला पडेपर्यंत तहसील कचेरी सोडू नका. तो नसला की पुनर्वसनाचे पैसे अडतात आणि माणूस त्याच भट्टीवर परततो. हे अर्ज गणपतीपूर्वी गेले पाहिजेत. उचलीच्या वह्या त्या सुमारास भरू लागलेल्या असतात.