सूर्यात काय कमी आहे?

सूर्याची दुसऱ्या ताऱ्याशी तुलना करायची असली, की खगोलशास्त्रज्ञ बहुधा थेट सूर्याकडे पाहत नाहीत. ते वेस्तासारख्या एखाद्या लघुग्रहावर दुर्बीण रोखतात. लघुग्रहावरून येणारा उजेड सूर्याचाच. शिवाय तो रात्री, ताऱ्याच्या प्रकाशासारखाच, त्याच उपकरणाने टिपता येतो. त्यामुळे उपकरणाचे दोष दोन्ही नोंदींत सारखे उतरतात आणि तुलनेत बरेचसे निघून जातात.

हा प्रकाश वर्णपटात पसरला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या वातावरणातले प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते, त्याच्या या खुणा. पण रेषा ठळक म्हणजे मूलद्रव्य भरपूर, असा सरळ हिशेब नसतो. तापमान आणि दाबानुसार अणूंची अवस्था बदलते. हे गणित १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी सोडवले. त्याच आधारावर १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियमच सर्वाधिक असल्याचे दाखवून दिले.

लोखंडाचे उदाहरण घेऊ. काही रेषा अखंड अणूंच्या असतात, काही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या. दोन्हींवरून लोखंडाचे प्रमाण एकच निघाले पाहिजे. निघाले नाही, तर ताऱ्याचे गृहीत धरलेले तापमान किंवा पृष्ठभागावरचे गुरुत्व चुकले, असे समजून ते बदलतात आणि गणित पुन्हा मांडतात. सूर्याशी जुळत्या ताऱ्यांत अशी एकेक रेषा ताडून पाहिली, तर सुमारे दोन टक्क्यांचा फरकही पकडता येतो.

या बारकाईतूनच २००९ मध्ये अनपेक्षित गोष्ट हाती आली. होर्हे मेलेंदेझ आणि सहकाऱ्यांनी सूर्याशी अगदी मिळतेजुळते ११ तारे तपासले. त्यांच्या सरासरीच्या तुलनेत सूर्यात ॲल्युमिनियमसारखी, उच्च तापमानालाच घनरूप होणारी मूलद्रव्ये कमी भरली. कार्बन, ऑक्सिजनसारख्यांच्या मानाने ही तूट सुमारे २० टक्के होती. २०१८ मध्ये ७९ ताऱ्यांतील ३० मूलद्रव्ये मोजली गेली, तेव्हाही सूर्याचे हे वेगळेपण टिकले.

ही द्रव्ये गेली कुठे? पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह घडताना ती त्यांत अडकली, असे एक उत्तर आहे. साधारण चार पृथ्वींएवढे खडक आणि उल्काद्रव्य सूर्याच्या बाहेरच्या थरात मिसळले, तर तूट भरून निघते, असे गणित सांगते. काही शास्त्रज्ञ मात्र ताऱ्यांच्या वयाकडे आणि आकाशगंगेतल्या जन्मस्थानाकडे बोट दाखवतात.

तूट खरी आहे, हे वेधांनी दाखवले आहे. तिच्या कारणाबद्दल अजून एकमत झालेले नाही.