नायजेरियाचा तरुण : राहावे की जावे?

(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नायजेरिया म्हटले की आपल्याला खनिज तेल आठवते. त्या तेलाच्या देशातील तरुणाचा दिवस कसा जातो आणि उद्याची कोणती चिंता त्याला ग्रासते, एवढ्यापुरतेच आज मी बोलणार आहे.

लागोसच्या वस्तीत राहणारा पदवीधर पहाटे अंधारातच घर सोडतो. 'डान्फो' नावाच्या पिवळ्या खाजगी गाड्यांतून दाटीवाटीने कामावर पोचतो. संध्याकाळी घरी वीज असेलच याची शाश्वती नसते. २०२४ साली देशाचे वीजजाळे अनेकदा कोलमडले. ज्याला परवडते तो पेट्रोलचा जनरेटर लावतो; बाकीच्यांनी अंधार सोसायचा.

त्याची पदवीही सुखासुखी मिळालेली नाही. प्राध्यापकांशी २००९ साली केलेला करार सरकारने नीट पाळला नाही. त्यामुळे २०२२ साली विद्यापीठांत संप झाला आणि तो आठ महिने चालला. पदवीनंतर एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा. ती १९७३ पासून आहे. त्यानंतर मात्र कायम नोकरीची हमी कोणीच देत नाही.

मे २०२३ मध्ये अध्यक्ष तिनुबू यांनी पदग्रहणाच्या दिवशीच पेट्रोलवरील अनुदान संपल्याचे जाहीर केले. दोनशे नायरांच्या आत मिळणारे लिटरभर पेट्रोल ऑक्टोबर २०२४ पर्यंत हजाराच्या घरात गेले. त्याबरोबर गाडीभाडे वाढले, जनरेटर महागला, अन्न महागले. तांदळाच्या ५० किलोंच्या पोत्याला महिन्याचे किमान वेतनही पुरेना.

हे औषध नवे नाही. १९८५ साली डॉलर एका नायराहून स्वस्त होता. १९८६ साली 'संरचनात्मक समायोजना'चा कार्यक्रम आला, नाणे घसरू लागले. २०२४ साली एका डॉलरला दीड हजारांहून अधिक नायरा मोजावे लागत होते.

म्हणूनच 'जापा' हा योरुबा शब्द आज तेथील प्रत्येक तरुणाच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ, पळ काढणे. डॉक्टर जातात, परिचारिका जातात. त्यांना पळपुटे म्हणणे अन्यायाचे होईल. जनतेच्या पैशाने घडलेली श्रमशक्ती श्रीमंत देशांना आयती मिळते, हा खरा प्रश्न आहे.

परंतु सारेच जात नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी जुलुमाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. लेक्की टोलनाक्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये भूक व महागाईविरुद्ध ते पुन्हा उठले. त्याआधी जूनमध्ये कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला आणि जुलैत किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजार नायरांवर न्यावे लागले.

हा विजय खरा, पण अपुरा आहे. डान्फोचा चालक, फेरीवाली, बेकार पदवीधर यांच्यापर्यंत ते वेतन पोचतच नाही. संघटना त्यांच्यापर्यंत पोचतील तेव्हाच 'राहावे की जावे' या प्रश्नाला 'राहावे' हे उत्तर देण्याचे बळ त्या तरुणाला लाभेल.