घरची चित्रफीत तबकडीवर उतरवितांना

तुळजापूर ही भवानीची नगरी. धाराशिव जिल्ह्यांतीलच नव्हे, तर महाराष्ट्रांतील असंख्य घराण्यांची ती कुलस्वामिनी. आणि म्हणून घरांत मंगलकार्य झालें कीं देवीचा गोंधळ घालण्याची चाल आजहि पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. दिवटी पेटते, संबळ घुमूं लागतो, तुणतुण्याच्या साथीनें गोंधळी रात्र जागवितो. पूर्वीं ती रात्र पाहणारांच्या स्मरणांतच राही. आतां घरांतील एखादा तरुण ती मोबाईलवर टिपून ठेवतो. मग गुडघ्यांच्या दुखण्यामुळें येऊं न शकलेल्या वृद्ध आत्याबाईंना तिची तबकडी धाडण्याचें ठरतें. कारण त्यांच्या घरीं टीव्हीला जोडलेलें जुनें डीव्हीडी-यंत्र तेवढें आहे. तबकडी पोंचते, यंत्रांत जाते, आणि पडद्यावर कांहींच उमटत नाहीं.

येथें दोष तबकडीचा नसतो, लिपीचा असतो. मोडींतील दप्तर केवळ बालबोध जाणणाराच्या हातीं दिलें, तर भाषा मराठी असूनहि त्याला अक्षर लागत नाहीं. तसेंच हें आहे. डीव्हीडी-यंत्रें जपानांत १९९६ सालीं प्रथम विक्रीस आलीं. त्या जातीच्या यंत्राला मुख्यत्वें एमपेग-२ ह्या पद्धतीचें चित्र वाचतां येतें. आपल्याकडील पाल पद्धतींत चित्राची रुंदी ७२० बिंदू, उंची ५७६ ओळी आणि वेग सेकंदास २५ चित्रें असा दंडक आहे. उलट मोबाईलची फाईल बहुधा एच-२६४ सारख्या नव्या पद्धतीची, १९२० बाय १०८० बिंदूंची व सेकंदास ३० चित्रांची असते. ती जशीच्या तशी तबकडीवर ठेवली, तर संगणक ती वाचील. जुनें यंत्र वाचणार नाहीं. म्हणून पहिलें काम रूपांतराचें.

दुसरें काम मापाचें. साध्या डीव्हीडीवर सुमारें ४७० कोटी बाइट, म्हणजे ३७६० कोटी बिट मावतात. दोन तासांच्या कार्यक्रमास ते वांटून दिले, तर दर सेकंदाच्या वांट्याला सुमारें ५२ लाख बिट येतात. चित्र स्वच्छ दिसतें. हांव धरून चार तास कोंबले, तर वांटा निम्म्यावर येतो आणि दिवटीच्या हलत्या उजेडांत चेहरे चौकटीचौकटींनीं फुटूं लागतात. अशा वेळीं दोन तबकड्या कराव्या, हेंच शहाणपणाचें.

तिसरें काम मांडणीचें. यंत्राला अपेक्षित असलेल्या ठराविक कप्प्यांत चित्र, ध्वनि व अनुक्रमणिका बसवाव्या लागतात. डीव्हीडी-स्टायलर ह्या मोफत साधनानें हें घरींहि साधतें. त्यानंतर तबकडीवर उतरविणें, म्हणजे बाजारांत ज्याला ‘राइट करणें’ म्हणतात तें. लेसरच्या किरणानें तबकडीतील रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. हें काम मंद वेगानें करावें आणि शेवटीं तबकडी बंद करण्याची क्रिया चुकवूं नये. ती राहिली तर पुष्कळ जुनीं यंत्रें तबकडी ओळखीतच नाहींत. धाडण्यापूर्वीं ती एखाद्या साध्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहावी.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. तबकडी झाली म्हणून मोबाईलवरील मूळ फाईल पुसून टाकणें हा मोठा घात आहे. रूपांतरांत चित्राचा जो अंश गळतो, तो पुन्हां भरून येत नाहीं. शिवाय तें रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनीं क्षीण होतें, आणि मराठवाड्याचा उन्हाळा कोणास ठाऊक नाहीं? गोंधळ्याचा आवाज, मांडीवर नातवंड घेऊन बसलेली आजी, अंगणांतील सारा गोतावळा, हीं पुन्हां त्याच रूपानें एकत्र येत नसतात. तबकडी पाहण्यासाठीं, जपण्यासाठीं मूळ फाईलच हवी, आणि तिचीहि एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी.